डॉक्टर व्हायचंय? आधी गावातलं विद्यापीठ बघा

एप्रिलमध्ये कॉलेजांचे निकाल हातात आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत दरवर्षी तोच वाद सुरू होतो. मुलीला डॉक्टर व्हायचंय. एकीकडे राहत्या शहरातलं सरकारी विद्यापीठ आहे, घरापासून अर्ध्या तासावर, परवडणाऱ्या शुल्काचं. दुसरीकडे हजार-दीड हजार मैलांवरचं नावाजलेलं खासगी कॉलेज. १ मेच्या आत होकार कळवायचा असतो. मग महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत, व्हॉट्सॲपवर, फोनवर सगळीकडून एकच सल्ला मिळतो : "एवढं मोठं नाव मिळालंय, सोडू नका. गावातल्या विद्यापीठात राहून कोण मोठा डॉक्टर झालाय?"

हा सल्ला चुकीचा आहे, आणि प्री-मेडच्या मुलांचं त्याने खरोखर नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. मी डॅलस परिसरात राहते आणि एका सरकारी विद्यापीठात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. म्हणजे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ज्या विषयावर सर्वाधिक प्री-मेड मुलं अडखळतात तोच विषय मी शिकवते, त्यामुळे ही चार वर्षं कशी जातात ते मला जवळून दिसतं. मोठ्या नावाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा नावाचा. मोठ्या कॉलेजातून अर्ज गेला की वैद्यकीय महाविद्यालयं त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, असं म्हणतात. यात थोडं तथ्य आहे. काही खासगी वैद्यकीय महाविद्यालयं अर्जदाराच्या कॉलेजच्या नावाला वजन देतात. पण किती, आणि कशाच्या बदल्यात, हे बघायला हवं. प्री-मेड ही पदवी नव्हे. मुख्य विषय कोणताही घ्या, बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री हे विषय प्रयोगशाळेसह पार पाडायचे, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि अर्ज करायचा. देशभरातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज ॲमकॅस या केंद्रीय व्यवस्थेतून जातात. ही व्यवस्था प्रत्येक विद्यार्थ्याच्या ग्रेड एकाच पद्धतीने मोजते, विज्ञान आणि गणित या विषयांचा जीपीए वेगळा काढते, आणि कॉलेज अवघड म्हणून कुणाला पाव गुणही वाढवून देत नाही. नापास झालेला विषय पुन्हा दिला तरी जुनी ग्रेड हिशेबात राहते. एमकॅट तर सगळ्यांना एकच : चार भाग, ४७२ ते ५२८ गुण. अलीकडच्या वर्षांत साधारण ५२,००० विद्यार्थी अर्ज करतात आणि त्यांतले २३,००० च्या आसपास प्रवेश घेतात. प्रवेश मिळवणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळपास असतो. म्हणजे निम्म्याहून जास्त अर्जदार बाहेर राहतात, आणि त्यांत नामवंत कॉलेजांची मुलं भरपूर असतात.

आता माझ्या वर्गात काय होतं ते सांगते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या परीक्षेत मी एक अभिक्रिया देते आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवायला सांगते. शाळेत कायम पहिल्या आलेल्या मुली उत्तर बरोबर लिहितात, पण बाण उलटा काढतात. कारण त्यांनी अभिक्रिया पाठ केलेली असते, ती का होते ते समजून घेतलेलं नसतं. पहिल्या परीक्षेत शंभरातले बावन्न गुण बघून मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन बसते. तिला तिथे दीड तास बसून वीस अभिक्रिया हाताने काढाव्या लागतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागतं, आणि त्या काळात झोप आणि जेवण ठिकाणावर असावं लागतं. अशी मुलगी दुसऱ्या परीक्षेत सावरते, हे मी दर सत्रात बघते. हीच मुलगी अशा कॉलेजात असती, जिथे वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेचा पहिला आहे आणि ग्रेड वर्गाच्या सरासरीवर ठरते, तर तेवढ्याच मेहनतीला तिला बी किंवा सी मिळाली असती. प्रवेशाच्या वेळी त्या बीची भरपाई कॉलेजच्या नावाने क्वचितच होते.

ही केवळ माझी समजूत नाही. समाजशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिस यांनी १९६६ साली एक निबंध लिहिला, तो आजही उद्धृत होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या पाहणीतून त्यांना असं दिसलं, की कठीण आणि प्रतिष्ठेच्या व्यवसायांकडे वळण्याचा निर्णय कॉलेजच्या दर्जापेक्षा आपल्या वर्गात आपण कितवे आहोत यावर जास्त अवलंबून असतो. मुलं स्वतःला देशाशी ताडून बघत नाहीत, शेजारच्या बाकाशी ताडून बघतात. चांगल्या कुवतीची मुलं अतिचुरशीच्या कॉलेजात मागे पडली की स्वतःलाच कमी समजू लागतात आणि वाट सोडतात. डॉक्टर होऊ शकणारी किती मुलं अशी गळाली असतील, याची नोंद कुठल्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात नसते.

माहितीपत्रकाचा विषय निघालाच आहे, तर दुसरा मुद्दा घेऊ. "आमच्या नव्वद टक्के अर्जदारांना वैद्यकीय प्रवेश मिळतो," असे आकडे बघून पालक हरखून जातात. तो आकडा कशाचा टक्का आहे, हे विचारा. काही कॉलेजांत प्री-मेड समिती असते. ती अर्जाच्या वेळी विद्यार्थ्याला शिफारसपत्र देते आणि ज्याची शक्यता कमी वाटते त्याला पाठिंबा नाकारते किंवा "एक वर्ष थांब" सांगते. तिथवर पोचण्याआधीच निम्मा वर्ग गळालेला असू शकतो. खरा प्रश्न असा आहे : पहिल्या वर्षी किती मुलं प्री-मेड म्हणून आली, आणि त्यांतली किती डॉक्टर व्हायला गेली? हा प्रश्न दोन्हीकडच्या सल्लागारांना विचारा. जो सरळ उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवा.

तिसरा मुद्दा पैशाचा. आपल्या समाजात याबाबत बोलायला संकोच वाटतो. "शिक्षणासाठी पैशाकडे काय बघायचं, कर्ज काढू, डॉक्टर झाल्यावर फिटेल," असं आपण म्हणतो. या वाक्यामागे मायाच असते, पण हिशेब चुकतो. टेक्सासच्या रहिवाशाला इथल्या सरकारी विद्यापीठांचं शुल्क वर्षाला साधारण ११,००० ते १६,००० डॉलर पडतं. नामवंत खासगी कॉलेजचा राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च आता ८५,००० ते ९५,००० डॉलरच्या घरात गेला आहे. दोन पगारांच्या मराठी कुटुंबाला त्यात सवलत बहुधा थोडीच मिळते. चार वर्षांचा फरक अडीच-तीन लाख डॉलरवर जातो. आणि हा सगळा खर्च डॉक्टरकीचा पहिला धडा गिरवण्याआधीचा आहे. टेक्सासच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं शुल्क देशातल्या सर्वांत कमी शुल्कांपैकी आहे. आज वाचवलेल्या पैशांत पुढचं एमडीचं शिक्षण पूर्ण होऊन वर काही उरू शकतं.

आणि "कर्ज काढू" हे आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या संघराज्याच्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद केलं. वैद्यकीय विद्यार्थ्याला संघराज्याचं कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळणार. पदवीच्या मुलासाठी पालकांनी काढायच्या कर्जावरही वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली. त्यापुढची रक्कम खासगी बँकेकडून, जास्त व्याजाने आणि बहुधा आईबाबांच्या सहीने उचलावी लागेल. निवृत्तीची पुंजी पदवीवरच मोडून टाकली, तर ज्या चार वर्षांसाठी हा खटाटोप, त्यांच्यासाठी घरात काही शिल्लक राहत नाही.

पैशाला आणखी एक बाजू आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अठराव्या वर्षी "डॉक्टर व्हायचंय" म्हणणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांचं मत पुढे बदलतं. ते बदलायलाही हवं. कुणाला संशोधन आवडतं, कुणाला संगणक, कुणाला अर्थशास्त्र. आईबाबांनी वर्षाला नव्वद हजार डॉलर केवळ डॉक्टरकीसाठी मोजले असतील, तर ते मत बोलून दाखवण्याची मुलाची हिंमत होत नाही. मन उडालेलं असताना तो तसाच ओढत राहतो. माफक शुल्काच्या विद्यापीठात त्याला मोकळेपणाने वाट बदलता येते. डॉक्टरकी निवडली तर ती मनापासून निवडलेली असते, आणि पुढची दहा-बारा वर्षं टिकायला तेवढंच बळ उपयोगी पडतं.

चौथा मुद्दा संधींचा. "गावात काय आहे? तिकडे रिसर्च आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत." पिकतं तिथं विकत नाही, तशी ही गत आहे. डॅलसमध्ये यूटी साउथवेस्टर्न आहे. तिथल्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना कोलेस्टेरॉलवरच्या संशोधनासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. त्याला लागून पार्कलंड हे विमा नसलेल्या, गरीब रुग्णांचं मोठं सार्वजनिक रुग्णालय आहे. ह्यूस्टनचं टेक्सास मेडिकल सेंटर जगातलं सर्वांत मोठं वैद्यकीय संकुल मानलं जातं. आपल्या मुलांना विमानाने कुठे जायची गरज नाही, गाडीच्या अंतरावर हे सगळं आहे.

शिवाय वैद्यकीय अर्जात जे विचारतात ते दूर राहून साधणं जास्त अवघड आहे. ॲमकॅसच्या अर्जात जास्तीत जास्त पंधरा उपक्रम लिहिता येतात आणि त्यांतले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात. प्रत्येकाचे तास आणि तारखा द्याव्या लागतात. वाचणारा माणूस बघतो, की हे मूल एका जागी किती काळ टिकलं. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षापासून दर शनिवारी सकाळी एकाच नर्सिंग होममध्ये जायची. सुरुवातीला तिचं काम पाण्याचे पेले भरणं आणि व्हीलचेअर जेवणघरापर्यंत नेणं एवढंच होतं. दुसऱ्या वर्षी कुठल्या आजोबांना कुठल्या कानाने ऐकू येतं आणि कुणाला घास गिळायला त्रास होतो, हे नर्सना ती सांगू लागली. तिसऱ्या वर्षी एका आजींच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या मुलीने तिला मुद्दाम बोलावून घेतलं. तिचं शिफारसपत्र तिथल्या मुख्य नर्सने लिहिलं आणि त्यात एकही विशेषण उसनं नव्हतं. हे तिला जमलं कारण उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुटीतही ती त्याच शहरात होती. दूर शिकणारी मुलं मे महिन्यात सामान बांधून घरी येतात, ऑगस्टमध्ये परत जातात आणि दर वेळी नव्या ठिकाणी अर्ज, लस, पार्श्वभूमी तपासणी यांपासून सुरुवात करतात. तिथेही चिकाटीने हे करणारी मुलं असतात. पण अंतर त्यांच्या कामी येत नाही.

पाचवा मुद्दा स्वावलंबनाचा. "घरी राहिला तर मोठा होणार नाही. आम्ही नाही का दोन बॅगा घेऊन आलो?" हा मुद्दा सर्वांत भावनिक असतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. आपण दोन बॅगा घेऊन आलो, हे खरं. पण केव्हा आलो? पदवी झाल्यावर. आपल्यापैकी बहुतेकांचं अभियांत्रिकीचं किंवा विज्ञानाचं शिक्षण पुण्यात, मुंबईत, सांगलीत, नागपुरात, औरंगाबादला, आपल्या घराच्या किंवा आपल्या विभागाच्या आसपास, माफक शुल्कात झालं. इथले मराठी डॉक्टर बघा. बीजे, ग्रँट, केईएम, नागपूरचं मेडिकल कॉलेज, म्हणजे सरकारी किंवा महापालिकेच्या महाविद्यालयांतून शिकून ते रेसिडेन्सीला इकडे आले. पाया घराजवळ, झेप नंतर, हाच आपल्या पिढीचा मार्ग होता आणि तो यशस्वी झाला. मुलांच्या बाबतीत आपण तो का नाकारतो?

याच संदर्भात काही जण आनंदीबाई जोशींचं उदाहरण देतात. अठराव्या वर्षी, १८८३ मध्ये, त्या समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आपल्याला त्यांचा अभिमान आहेच. पण त्या दूर गेल्या कारण त्यांच्यासाठी मायदेशी ती वाट जवळपास बंद होती. त्या काळात स्त्रियांना पूर्ण वैद्यकीय शिक्षण देणारं महाविद्यालय होतं फिलाडेल्फियात, आणि त्या गेल्या थेट वैद्यकीय पदवीसाठी. मायदेशातल्या स्त्रियांवर उपचार करण्यासाठी परतणं हे त्यांचं ध्येय होतं. त्यांच्या धैर्याचा दाखला देऊन आपल्या मुलीला दारातलं विद्यापीठ सोडायला सांगणं, हा त्यांच्या आयुष्याचा चुकीचा अर्थ आहे.

स्वावलंबनाची काळजी मात्र रास्त आहे, आणि तिथे दोष विद्यापीठाचा नसून आपला असतो. मूल गावात शिकतं म्हणून रोज रात्री गुण विचारायचे, प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला त्याला हजर करायचं, एमकॅटच्या आधीच्या आठवड्यात पाहुणे बोलवायचे, हे चालणार नाही. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर त्याचा स्वतःचा हक्क मानला आहे. तो हक्क घरातही पाळा. शक्य असेल तर पहिली दोन वर्षं त्याला डॉर्ममध्ये राहू द्या, मग ते घरापासून पंधरा मैलांवर का असेना. कपडे त्याने धुवायचे, डॉक्टरची वेळ त्याने घ्यायची, पैशाचा हिशेब त्याने ठेवायचा. एवढं केलं तर गावात राहूनही मूल मोठं होतं. हे करायची आपली तयारी नसेल, तर अंतरानेही काही साधत नाही; हजार मैलांवर पाठवूनही दिवसातून चार वेळा फोन करणारे आईबाबा मी पाहिले आहेत.

माझ्या बाजूचे काही जण जो चुकीचा मुद्दा मांडतात, तोही खोडून काढते. "बाहेरच्या राज्यात शिकलं की टेक्सासच्या वैद्यकीय जागांवरचा हक्क जातो," असं सांगितलं जातं. तसं होत नाही. टेक्सासच्या बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बाहेरच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना दहा टक्क्यांहून जास्त जागा देता येत नाहीत, आणि ज्यांचे आईबाबा टेक्सासमध्ये राहतात अशी अवलंबून असलेली मुलं बाहेर शिकली तरी साधारणपणे टेक्सासचीच रहिवासी धरली जातात. पण एक गोष्ट नक्की हातची जाते. २००१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी जॅम्प हा कार्यक्रम सुरू केला. त्यात शिष्यवृत्ती मिळते आणि अटी पूर्ण केल्यास वैद्यकीय प्रवेशाची हमीही मिळते. तो टेक्सासमधल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठीच आहे.

दूरचं कॉलेज कधी निवडावं, हेही स्पष्ट सांगायला हवं. तिथे खरोखर भरघोस मदत मिळत असेल, तर जरूर जावं. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना शिक्षणशुल्क माफ केलं आहे. तिथे नाव आणि हिशेब दोन्ही एका बाजूला येतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना २००२ च्या अभ्यासात आढळलं, की चुरशीच्या कॉलेजात प्रवेश मिळूनही साध्या कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीत कमी नव्हती. पण कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजचा फायदा झाला होता. घरात भांडणं असतील, मुलाचा श्वास कोंडत असेल, तर अंतर हेच औषध आहे. आणि गावातल्या विद्यापीठात प्रयोगशाळेच्या जागाच मिळत नसतील, प्री-हेल्थ सल्लागार भेटतच नसेल, तर तेही गंभीरपणे बघा. माझा विरोध दूर जाण्याला नाही. केवळ नावाखातर जाण्याला आहे.

राहिला "गावात राहून कोण मोठा झालाय" हा प्रश्न. डेंटन कूली ह्यूस्टनमध्ये जन्मले, आपल्याच राज्यात ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून १९४१ मध्ये पदवीधर झाले, आणि मग जॉन्स हॉपकिन्सला जाऊन १९४४ मध्ये डॉक्टर झाले. परत ह्यूस्टनला येऊन त्यांनी १९६२ मध्ये टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूट उभी केली आणि १९६९ मध्ये माणसाच्या शरीरात पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं. रेसिडेन्सी देणारे बघतात ते वैद्यकीय महाविद्यालयातलं काम, स्टेप या परवाना परीक्षा आणि शिफारसपत्रं. रुग्णाला तर पदवी कुठली होती हे विचारायचं सुचतही नाही.

म्हणून १ मेच्या आत एवढं करा. दोन्हीकडचा चार वर्षांचा पूर्ण खर्च कागदावर मांडा आणि त्याखाली चार वर्षांच्या एमडीचा खर्च लिहा. दोन्ही ठिकाणच्या प्री-हेल्थ सल्लागारांना सुरुवात केलेल्यांपैकी किती जण पोचले ते विचारा. दुसऱ्या वर्षाच्या दोन प्री-मेड मुलांना फोन करून ऑरगॅनिकचा वर्ग कसा होता ते ऐका. आणि मुलाला एकट्याला बसवून विचारा, की उद्या डॉक्टर व्हायचं नाही असं वाटलं तर आम्हाला मोकळेपणाने सांगता येईल, असं कॉलेज यांतलं कुठलं? या सगळ्यानंतरही दोन्ही पारडी सारखी वाटली, तर बेलाशक गावातलं विद्यापीठ निवडा.